दारापासून खुर्चीपर्यंत

दारापासून खुर्चीपर्यंत नऊ पावलं.
उपासो मडकईकरनं त्यांची चौदा केली.

मी अजून काहीच विचारलं नव्हतं.
माशेलच्या या खोलीत पंखा कुरकुरतो,
बाहेर कंपाउंडर नंबर पुकारतो,
आणि बांबोळीला शिकवणारे डॉक्टर झेफरिनो
माझ्या पाठीमागे उभे असतात, चष्मा कपाळावर:
हातोडी नंतर काढ. आधी माणूस आत येऊ दे.

डावा हात हलत होता, थोडासा.
उजवा नुसता सोबत आला होता,
लग्नाला नाइलाजानं आलेल्या भावकीसारखा.
बसण्यासाठी वळला तो तुकड्यातुकड्यांनी,
होडी धक्क्याला लावतात तसा.

"म्हाका कितेंच जावंक ना, दोतोर."
ऐकण्यासाठी पंखा बंद करावा लागला.

फाइल मात्र जाडजूड. खांद्याचे एक्स-रे, मानेचे एक्स-रे,
फोंड्याहून आणलेल्या तेलाची चिठ्ठी,
मडगावचा एमआरआय: नॉर्मल.
खांदा धरलाय, असं तिघांनी लिहिलेलं,
तिसऱ्यानं बहुधा दुसऱ्याचं वाचून.

मग शेवंतीकडे वळले.
वास येतो का यांना?
ती चमकली. म्हणाली, वासाचं काय विचारता,
चार वर्षांमागं सुकी सुंगटं तव्यावर जळून कोळसा झाली,
शेजारघरचे धावत आले,
हा तिथंच बसून पेपर वाचत होता.
आठ दिवस बोलले नव्हते मी याच्याशी.

आणि झोप?
झोपेत मानशीची दारं ओढतो. पाणी आलं, पाणी आलं!
एकदा माझ्याच कानफटात बसली.
सकाळी म्हणतो, मी? कधी?

एकतीस वर्षं खाजनाच्या बांधावर
तो भरती-ओहोटी वहीत मांडत आला.
वही तिनं आणली होती, वेगळ्याच कारणानं:
कुळ-संघटनेची तक्रार, आकडे वाचता येत नाहीत,
चष्मा बदलायला सांगा.
मी वही मागून पुढे वाचली, मग पुढून मागे.
आधीचे आकडे चवळीच्या दाण्याएवढे.
मग तांदूळ. मग नाचणी.
या पावसाळ्यात ओळ तांदळानं सुरू होते
आणि समासापर्यंत पोचता पोचता खसखस.

मडगावच्या यंत्रानं ही वही पाहिली नव्हती.
यंत्राचा दोष नाही. त्याला कुणी दिली नव्हती.

मनगट हातात घेऊन वाकवलं,
ते खटके घेत वाकलं, दाते झिजलेल्या रहाटासारखं.
म्हटलं, पुनवेपासून उलट्या तिथी सांगा.
चतुर्दशी, त्रयोदशी, द्वादशी,
मन तिथींत गुंतलं आणि मांडीवरचा अंगठा
आपला आपण हलू लागला, तंबाखू मळतात तसा.
तंबाखूला तो जन्मात शिवला नव्हता.

नाव सांगितलं. पार्किन्सन.
गोळ्या सांगितल्या, जेवणाआधी, वेळेवर,
रोज चालणं सांगितलं, लांब टांगा टाकत.
पुन्हा पुन्हा सांगते तेच सांगितलं:
स्नायू आखडतात तसा चेहराही आखडतो.
हसू आत येतं,
बाहेर पोचत नाही.

शेवंती वहीची कड मुडपत होती.
"म्हणजे..." म्हणाली, आणि थांबली,
आणि मग त्याच्याकडे न बघता मला विचारलं:
"म्हणजे दोन वर्षं हा माझ्यावर रागावला नव्हता?"

हा प्रश्न मी कधी शिकले नव्हते.
कुठल्या रकान्यात लिहायचा तेही नाही.

उपासोनं मान वळवली, सावकाश, सगळ्या अंगासकट,
आणि तिच्याकडे बघत राहिला.
सवयीनं मी त्याच्या पापण्या मोजायला लागले,
मिनिटाला किती वेळा मिटतात.
चारावर मोजणं सोडून दिलं.

बाहेर कंपाउंडरनं पुढचा नंबर पुकारला.
मी म्हटलं, थांब जरा.